कुटुरगा इथं राहत नाही

लोणावळ्यात एकच ऋतू असतो अशी पुण्या-मुंबईच्या लोकांची पक्की समजूत आहे. तो जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरात संपतो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस इथं कोसळतो हे खरं, पण थेंबागणिक एक पर्यटकही कोसळतो हे तितकंच खरं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजायचं, टायगर पॉइंटला जाऊन धुक्याचा फोटो काढायचा, कणीस खायचं, चिक्की घ्यायची आणि घाटात अडकून पडल्यावर ‘यंदा फार गर्दी होती बुवा’ म्हणायचं, हा त्यांचा निसर्ग. त्या दिवसांत आम्ही लोणावळेकर शनिवार-रविवारी घराबाहेर पडत नाही. दूधसुद्धा शुक्रवारी आणून ठेवतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पाडव्याच्या पुढंपर्यंत मात्र गाव आमच्या ताब्यात असतं, आणि बघण्याजोगं असतं ते तेव्हाच. गिरिपुष्पाची पानं झडून फांद्यांना फिकट गुलाबी तुरे लागतात. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेचं, पण आता इतकं घरचं झालंय की त्याला सर्रास उंदीरमारी म्हणतात आणि कुंपणाला लावतात. पांगाऱ्याच्या काटेरी फांदीवर लालभडक फुलं उघडली की साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, कावळे, सगळ्यांची तिथं पंगत बसते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि वाटेनं जाताना जाईचा वास कुठून येतोय म्हणून माणूस उगाच बंगल्यांच्या बागा धुंडाळत बसतो. अंजनीची निळी-जांभळी फुलं थेट फांदीच्या सालीवरच घोसानं फुटतात. कुसुंबाला पालवी येते ती हिरवी नाही, लाल.

हे वाचून लेखक जाणकार असावा असा कुणाचा समज झाला असेल तर तो तसाच राहावा असं मला फार वाटतं. पण ते जमणार नाही, कारण पुढची हकिकत निम्म्या गावाला ठाऊक आहे.

बँकेतून निवृत्त होईपर्यंत माझ्या लेखी झाडांचे दोन प्रकार होते: गाडी सावलीत लावता येते ते, आणि ज्याच्याखाली लावली तर काचेवर पक्षी घाण करतात ते. पक्ष्यांचं वर्गीकरण यातच उरकलेलं होतं. निवृत्तीनंतर साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, “रोज चाला.” आता काही कारण नसताना चालणं हा माझ्या पिंडाला न मानवणारा प्रकार. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस एक तर कामाला चालतो, नाही तर भांडायला. नुसतं जायचं आणि परत यायचं, हातात ना पिशवी ना पावती, ही कल्पनाच मला सोसेना.

त्याच सुमारास जावयानं वाढदिवसाला दुर्बीण दिली. त्याचा हेतू चांगला होता. (त्याला त्याचं फळ पुढं मिळालं, ते ओघानं येईलच.) दुर्बिणीपाठोपाठ मी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आणला, सलीम अलींचं 1941 साली पहिल्यांदा निघालेलं आणि अजूनही निघत असलेलं भारतीय पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक आणलं, खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट आणलं, आणि आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं एक ॲप फोनमध्ये घातलं. हिनं सगळ्या वस्तूंकडं एकदा बघितलं आणि विचारलं, “पक्षी मिळून बसेल ना यात?”

आमचं फिरायचं ठिकाण म्हणजे रायवूड पार्क. जुनी, उंचच उंच झाडं, खाली गार सावली, महादेवाचं देऊळ. सकाळी तिथं तीन जातींची माणसं आढळतात. झपाझप चालणारी, हात वर करून मोठ्यानं हसणारी, आणि बाकावर बसून या दोन्ही जातींवर बोलणारी. मी निवृत्तीनंतर तिसरीत दाखल झालो होतो. गळ्यात दुर्बीण आल्यावर मी चौथी जात काढली: हळू चालायचं, मध्येच थबकायचं, वर बघायचं आणि “हं” म्हणायचं. त्या “हं”मध्ये काय आहे हे कुणी विचारलं नाही, म्हणून बरेच दिवस निभावलं.

माझी खरी वाट लावली ती कुटुरग्यानं.

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसानं कुटुरगा ऐकलेला नाही असं होऊच शकत नाही. वसंत लागला की उजाडल्यापासून ‘कुटुर्र, कुटुर्र’ करून तो मग ‘कुटुरगा, कुटुरगा’ असा जो धोशा लावतो तो ऊन चढलं तरी थांबत नाही. एक थकला की दूरच्या झाडावरचा दुसरा उचलून धरतो. हा तांबटाचा थोरला भाऊ. तांबट म्हणजे ठोक्याठोक्यानं ‘टुक टुक’ करणारा, कपाळाला कुंकू लावलेला छोटा जीव. तो निदान वठलेल्या फांदीच्या शेंड्यावर उघड्यावर येऊन बसतो. कुटुरगा मात्र पाठीपोटानं हिरवा, डोकं तपकिरी, गालावर पांढरा पट्टा. पश्चिम घाट आणि दक्षिणेचा भाग सोडून तो जगात कुठं राहत नाही. वडा-उंबरांची फळं खातो, वाळक्या फांदीत चोचीनं कोरून बीळ करतो, आणि एरवी हिरव्या पानांत हिरवा होऊन बसतो. ओरडताना हलतही नाही. आपण झाडाखाली पोचलो की गप्प होतो. आपण कंटाळून दहा पावलं पुढं गेलो की मागून ‘कुटुर्र’.

हा सगळा तपशील पुस्तकातला. मला तो दिसायचा होता.

मी रोज एका झाडाखाली उभा राहू लागलो. मान मागं टाकून, दुर्बीण डोळ्यांना लावून, तोंड उघडं. (दुर्बीण वर धरली की तोंड आपोआप उघडतं, हे असं का होतं ते एकाही पुस्तकात दिलेलं नाही.) आपल्याकडं एक माणूस वर बघत उभा राहिला की दुसरा येऊन उभा राहतो. दुसरा आला की तिसऱ्याला खात्री पटते. एका सकाळी मी दुर्बीण खाली केली तेव्हा भोवती हास्यक्लबाचे निम्मे सभासद वर बघत उभे होते. त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं, “उतरवायला कुणाला बोलावलंय का?” त्यांच्यात तोवर झाडावर मांजर अडकल्याचं ठरून गेलं होतं. कुणीतरी तिचा रंगही सांगितला.

मान आखडली. दोन्ही बाजूंना वळेना. हिनं तेल चोळता चोळता एवढंच म्हटलं, की आयुष्यभर ज्या माणसानं साहेबांपुढं मान वर केली नाही त्यानं या वयात एकदम इतकी करू नये.

बागेतली झाडं फार उंच पडतात, त्यापेक्षा बंगल्यांच्या गल्लीत बघावं असा शोध मग मी लावला. लोणावळ्यातले बरेचसे बंगले आठवडाभर बंद असतात आणि त्यांच्या आवारातली आंबा-फणसाची झाडं बेताच्या उंचीची असतात. एका बंगल्याच्या आंब्यातून कुटुरगा स्पष्ट ओरडत होता. मी कुंपणाला टेकून दुर्बीण रोखली. आंब्याच्या मागं बंगल्याची खिडकी होती, हे मी बघितलं नव्हतं. खिडकीच्या मागं काय होतं हे तर मला आजही माहीत नाही. पण वॉचमन काठी घेऊन आला.

“काय वो साहेब, काय बघताय?”

“कुटुरगा,” मी कुजबुजलो.

“कोन?”

“कुटुरगा!”

“कुटुरगा इथं न्हाई राहत,” तो म्हणाला. “हा शेटचा बंगला हाय.”

“अहो, आता तर ओरडत होता.”

यावर त्याचा चेहरा बदलला. आपल्या मालकाच्या आवारात कुटुरगा नावाचा इसम सकाळच्या प्रहरी ओरडतो आहे आणि त्याच्या शोधात खाकी जाकीटवाला माणूस दुर्बीण घेऊन आला आहे, याचा त्यानं लावायचा तो अर्थ लावला. त्यानं आधी मला बाहेर थांबवलं, मग स्वतः घराला चक्कर मारून आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “साहेब, मागल्या दारानं गेला असंल. तुमचा नंबर द्या, आला की कळवतो.” मी नंबर दिला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त नौदल अधिकारी राहतात. आम्ही त्यांना कमांडरसाहेब म्हणतो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर नौदलाचं काय काम, असं बाहेरच्यांना वाटतं. पण जहाजांची इंजिनं सांभाळणारी माणसं 1945 पासून इथंच, आयएनएस शिवाजीत तयार होतात. तिथं शिकवता शिकवता साहेब लोणावळ्यात रुतले. पक्ष्यांचा त्यांना तरुणपणापासून नाद. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेली आणि 2013 पासून आपल्याकडंही होणारी ती फेब्रुवारीतली पक्षीगणना असते ना, चार दिवसांची, त्यात ते दरवर्षी नेमानं यादी पाठवतात. मी त्यांना माझं दुःख सांगितलं.

“मग यादीत टाका की,” ते म्हणाले.

“दिसलाच नाही तर टाकू कसा?”

“ऐकला ना? ऐकलेला पक्षी धरतात.”

मला हे पटलं नाही. मी बँकेतला माणूस. खातेदार काउंटरवर हजर नसताना नुसत्या आवाजावर मी उभ्या जन्मात कुणाला पैसे दिले नाहीत. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्या वहीत डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद होणार नाही. साहेब काही बोलले नाहीत. आपला नियम ते विसरले नव्हते हे मला नंतर कळलं.

वहीत नोंदी होत होत्या, पण त्यांचं भवितव्य धड नव्हतं. पहिल्याच वसंतात मी एका निसर्गप्रेमी गटावर ‘लोणावळ्यात पळस पेटला!’ असं लिहून एका लाल झाडाचा फोटो टाकला होता. कुणीतरी सौम्यपणे उत्तर दिलं, “छान. पण ती पानं आहेत. कुसुंब आहे.” त्यानंतर यंदा, कुटुरग्याच्या नादात वर बघताना मला एका उंच झाडावर स्वर्गीय नर्तक दिसला. या पक्ष्याच्या नराला शेपटीच्या जागी दोन लांबच लांब पांढऱ्या फिती असतात. तो उडतो तेव्हा त्या मागं लहरत जातात. ज्यांनी बघितलाय ते त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. माझ्या नर्तकाच्या फिती वाऱ्यावर सुरेख लहरत होत्या. मी फोटो काढला, गटावर टाकला, अभिनंदनं घेतली. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशीही. एकनिष्ठ पक्षी आहे, असं मी हिला सांगितलं. आठवड्यानं बागेतल्या माळीबुवांनी लांब बांबू आणला आणि संक्रांतीपासून अडकलेला पतंग मांज्यासकट खाली काढला. तो मांजा गुंडाळून त्यांनी आधी खिशात घातला, कारण पतंग कुणाला काही करत नाही, पण मांज्यात पंख अडकून पक्षी मरतात. काम शंभर टक्के योग्य होतं. फक्त ते त्यांनी हास्यक्लबाच्या वेळेत करायला नको होतं.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस दुर्बीण कपाटात ठेवतो. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाडव्याच्या आदल्या रविवारी ‘वसंत फेरी’ काढायची ठरवली आणि गटावर लिहिलं, ‘मार्गदर्शक: आपलेच…’ पुढं माझं नाव. त्यापुढं टाळ्यांची चित्रं. नाही म्हणायला बोट उचललं आणि ‘आनंदानं’ असं टाइप झालं.

शनिवारी रात्री मी परीक्षेला बसावं तसा ‘पक्षिकोश’ घेऊन बसलो. हिनं दिवा मालवायला सांगितला तेव्हा माझं ‘ध’पर्यंत झालं होतं, धनेश. म्हणजे पावशा, बुलबुल, सातभाई, हरियाल आणि हळद्या हे सगळे परीक्षेत आले तर मी नापास.

रविवारी साडेसहाला बागेच्या फाटकाशी बरीच मंडळी जमली. कमांडरसाहेब कडक इस्त्रीत. तळमजल्यावरच्या काकू आणि त्यांचा पाचवीतला नातू. सेक्रेटरी सहकुटुंब. ही. ॲप चालू ठेवून आवाज टिपायचं काम मी नातवाला दिलं, कारण लहान मुलाच्या हातात फोन दिला की प्रश्न कमी येतात, असा माझा अनुभव. इथं तो चालला नाही.

“काका, तो कोण?” फाटकातून आत शिरता शिरता त्यानं विचारलं.

फांदीवर तपकिरी अंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब शेपटीचा पक्षी बसला होता. छातीवर पट्टे. नजर करारी. “शिक्रा,” मी आवाज खाली आणून म्हणालो. “शिकारी पक्षी. हलू नका.” सगळे थिजले. तेवढ्यात दोन कावळे आले आणि त्यांनी त्या शिकाऱ्याला ओरडत-टोचत पार देवळाच्या पलीकडं हुसकलं.

“कोकिळा,” कमांडरसाहेब म्हणाले. “मादी. कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून बसली असेल.”

“पण कोकिळा तर काळी असते ना?” काकू.

“काळा असतो तो नर. गातोही तोच.”

“ही नुसतीच बसते?”

“ही अंडी दुसऱ्याच्या घरात ठेवून निघून जाते.”

काकूंनी आपल्या नातवाकडं बघितलं, मग गेटपाशी मोबाइलवर बोलत उभ्या असलेल्या सुनेकडं बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत.

पुढं बरं गेलं, असं म्हणायला हरकत नाही. शिपाई बुलबुल मी ओळखला. त्याच्या डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असतो, चुकायला जागाच नाही. शेकरू कुठं आहे या प्रश्नावर मी राज्यप्राणी, भीमाशंकर, 1985 सालचं अभयारण्य अशी गाडी सुरक्षित अंतरावरून नेली आणि तेवढ्यात समोरून साधी खार पळाल्यानं वेळ निभावली. बागेतून निघून आम्ही तुंगार्लीच्या चढाला लागलो. वाटेवर कुंभ्याची फुलं पडली होती, रात्री उमलून सकाळी गळून गेलेली. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध गुलाबी बुडाच्या केसरांचा मोठा झुबका. नातवानं एक उचलून नाकाशी नेलं आणि लगेच आजीच्या हातात दिलं. वास काही घेण्याजोगा नाही. दरीच्या बाजूनं पावशा ओरडायला लागला. पेरणीला अजून अडीच-तीन महिने होते, पण तो ‘पेरते व्हा’ म्हणत आवाज चढवत चालला होता. मंडळी खूश होती. सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, “तुमचा अभ्यास खूप आहे हो.”

या वाक्यानंतर मला गप्प बसवलं नाही. माणसाचं नेमकं इथं बिघडतं.

वाटेच्या कडेला झुडपांवर एक वेल चढून वाळला होता. त्याला शेंगांचे घोस लटकत होते. शेंगा बोटभर लांब, दोन्ही टोकांना किंचित वळलेल्या, आणि त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. सकाळचं तिरपं ऊन त्या मखमलीवर पडलं होतं. इतकी देखणी वस्तू त्या डोंगरावर दुसरी नव्हती. मी थांबलो. सगळे थांबले.

“निसर्गाची कारागिरी बघा,” मी म्हणालो आणि घोस हातात घेतला. तळव्यानं कुरवाळला. “हे असं वाळलेलं फुलदाणीत किती शोभतं! बाजारात पैसे मोजून आणतात लोक.” हिला फुलदाणीची आवड आहे. मी दोन घोस तोडले. दुर्बीण सांभाळायला हात मोकळा हवा म्हणून ते सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवले. कपाळावरचा घाम पुसला. मानेवरचाही पुसला. मान अजून थोडी धरलेली होती, म्हणून ती जरा चोळलीही.

कमांडरसाहेब मागं राहिले होते. हळद्या दिसला म्हणून थांबले होते. ते असते तर पुढचं टळलं असतं. आधी तळव्याला मुंग्या आल्या. मग मानेला. मग पोटाला. मी डास म्हणून एक थप्पड मारली. ती मारायला नको होती. त्या मखमलीच्या प्रत्येक केसाला बारीक उलटे काटे असतात आणि केसात खाज सुटवणारं प्रथिन असतं. चोळलं की केस मोडतात, रुततात आणि पसरतात. मी चोळलं. पसरलं. क्षणभरानं मी कुठं खाजवायचं राहिलंय याचा विचार करू लागलो आणि नंतर तोही सुटला. एका हातानं पाठ, दुसऱ्या हातानं पोट, कोपरानं कूस. शेवटी आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून वरखाली. तोंडातून आवाज निघत होते ते माझे नव्हते. निदान त्याआधी मी ते कधी काढले नव्हते.

चढावरून म्हशी घेऊन एक मावशी उतरत होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, “खाजकुइलीला हात लावला व्हय?”

खाजकुइली! शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकायच्या त्या वस्तूच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्या होत्या, आयुष्यभर लोकांना तिच्या उपमा दिल्या होत्या. फक्त पाहिली नव्हती.

“पानी लावू नगा,” मावशी म्हणाल्या. “ताजं श्यान चोळायचं. वाळलं की वडून काढायचं, कुसं संगं येत्यात.” आणि त्यांच्या एका म्हशीनं त्याच वेळी, जरासुद्धा आढेवेढे न घेता, औषध उपलब्ध करून दिलं.

पुढचं सविस्तर सांगत नाही. सदरा काढला. मावशींनी पाठीला लावलं, पुढं माझं मी लावलं. लहानपणी आजीच्या घरी भिंती सारवायच्या, त्यांना कसं वाटत असेल याचा अंदाज आला. वाळेपर्यंत उन्हात दोन्ही हात पसरून उभं राहायचं होतं. उभा राहिलो. मुंबईहून आलेलं एक तरुण जोडपं वाटेनं चाललं होतं. त्यांनी आमच्या सेक्रेटरींना विचारलं, “हे नॅचरोपथीचं आहे का? बुकिंग कुठं करायचं?” लोणावळ्यात योगाच्या आणि निसर्गोपचाराच्या संस्था आहेत, त्यामुळं प्रश्न चुकीचा नव्हता. सेक्रेटरींनी सोसायटीचा नंबर दिला.

कमांडरसाहेब आले. मला बघितलं, वेलाकडं बघितलं. “कपिकच्छू,” म्हणाले. “हिच्या बियांत लेव्होडोपा असतं. कंपवातावर गुणकारी.” आणि जरा थांबून, “तुम्हाला कंपवात आहे का?”

ओढून काढल्यावर खाज खरोखर उतरली. छातीवरचे केसही उतरले, पण मी तक्रार केली नाही. प्रकरण इथं मिटायला हवं होतं. पण घरी आल्यावर मी सदरा शहाण्या माणसासारखा थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकला. त्यात आधीपासून पाडव्यासाठी धुवायला काढलेले टॉवेल, चादरी आणि उशांचे अभ्रे होते.

पाडव्याला लेक-जावई आले. गुढी उभी राहिली, कडुनिंबाचा पाला वाटून झाला, श्रीखंड-पुरी वाढली. जावई आंघोळ करून, नवा धुतलेला टॉवेल वापरून पाटावर बसला होता. दुसऱ्या पुरीला तो जरा सरकला. तिसरीला त्यानं खांदा भिंतीला लावला. सासुरवाडीत जावयानं कुठं आणि किती खाजवावं याचे काही अलिखित नियम असतात. तो मुलगा संस्कारी. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं वाटी खाली ठेवली नाही. हिनं श्रीखंड जास्त झालं का म्हणून विचारलं. मी ताटातून मान वर केली नाही. लेकीनं शेवटी विचारलं, “बाबा, तुमच्या कुंडीतल्या झाडांना शेण घालता, ते शिल्लक आहे का हो?” म्हणजे सोसायटीच्या गटावरचे फोटो तिच्यापर्यंत पोचले होते.

दुर्बीण मात्र त्यानं परत मागितली नाही, हे त्याच्याकडून चांगलंच म्हणायचं.

कमांडरसाहेबांनी त्याच आठवड्यात वसंत फेरीची अधिकृत यादी पाठवली. नीट टाइप केलेली, वेळेसकट. तांबट, कुटुरगा (आवाज), कोकिळा, शिपाई बुलबुल, पावशा (आवाज), हळद्या. सगळ्यात खाली, ‘मोर (आवाज), तुंगार्लीची वाट, 8 वाजून 40 मिनिटं, सात-आठ मिनिटं सलग’.

“मोर कुठं होता?” मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं. “मला तर काही ऐकू आलं नाही.”

“तुम्हाला कसं येणार?” त्यांनी माझाच, फेरीत नातवाच्या हातात दिलेला फोन घेऊन पुढं केला. ॲप सकाळभर चालू होतं. पडद्यावर मोराचं चित्र होतं आणि खाली माझं ओरडणं रेघारेघांनी उमटलं होतं.

मी ती नोंद काढून टाकायची विनंती केली. आधी विनंती, मग आग्रह, मग सोसायटीच्या इभ्रतीचा मुद्दा. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“ऐकलेला पक्षी धरतात,” ते म्हणाले.